होल्मेनकोलेन : वाऱ्याने घडवलेला स्की जंप

होल्मेनकोलेन हा नॉर्वेतल्या ओस्लोच्या डोंगरावरचा स्की जंप, म्हणजे स्कीवरून घसरत येऊन हवेत लांब उडी मारण्याचा मनोरा आणि उतार. आजचा पोलादी जंप 2010चा, पण तिथली स्पर्धा 1892पासूनची. त्याआधी ती सखल भागातल्या हुसेबी उतारावर होई. तिथे बर्फाचा भरवसा राहिना, म्हणून ती उंचावर नेली. पहिल्या वर्षीची सर्वांत लांब उडी 21.5 मीटर होती.

उड्या लांबत गेल्या तसा जंप पुनःपुन्हा बांधावा लागला. उतरण्याचा उतार खेळाडूच्या हवेतल्या वाटेशी जवळपास समांतर असेल, तरच टेकताना धक्का कमी बसतो. उडी उतार ओलांडून सपाटीकडे गेली की सगळा भार गुडघ्यांवर येतो. नुसता मनोरा उंच करून म्हणूनच भागत नाही. खालचा डोंगरही खणावा, भरावा लागतो.

1980च्या दशकात स्वीडनच्या यान बोक्लोव्हने स्की इंग्रजी व्हीसारख्या फाकवून उडी मारायला सुरुवात केली. त्याने अंतर वाढले, पण खेळाडूखाली हवेचा दाब झेलणारा पृष्ठभाग वाढल्याने बाजूचा वारा जास्त छळू लागला. 2005मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने जुना जंप 2011च्या जागतिक स्पर्धेच्या निकषांत बसत नसल्याचे सांगितले. 1952च्या ऑलिंपिकला लाखाहून अधिक प्रेक्षक जमले ती ही जागा, तरी 2008मध्ये जुना मनोरा पाडला गेला.

नव्या जंपसाठीची 2007ची रचनास्पर्धा जेडीएस आर्किटेक्ट्सने जिंकली होती. वारा अडवणारे पडदे मागाहून ठोकलेले दिसतात, हा अशा जंपांचा नेहमीचा कुरूपपणा. इथे वाराविरोधी भिंती, घसरपट्टी, परीक्षकांच्या खोल्या, लिफ्ट असे सगळे एकाच आकारात गुंफले आहे. सुमारे 1000 टन पोलाद लागले. घसरपट्टीचा भाग 69 मीटर अधांतरी पुढे येतो. बाहेरून स्टेनलेस स्टीलची जाळी आहे. धुके ही इथली जुनी तक्रार. त्यावर मात्र जाळीचा इलाज चालत नाही.

मार्च 2010मध्ये उद्घाटनाच्या उडीचा मान नॉर्वेची महिला खेळाडू आनेट सागेनला दिला होता. महिलांना तेव्हा ऑलिंपिकमध्ये स्की जंपिंगला प्रवेशही नव्हता. आदल्या संध्याकाळी चाचणीच्या नावाखाली एका पुरुष खेळाडूने आधी उडी मारली आणि गदारोळ झाला. हा गदारोळ रास्तच होता.

या जंपचा अधिकृत आकार, म्हणजे उडी सुरक्षितपणे टेकू शकेल ते अंतर, 134 मीटर. 2019मध्ये रॉबर्ट योहान्सनने 144 मीटर गाठले. असे होऊ लागले की परीक्षक सुरुवातीची बैठक खालच्या पायरीवर आणतात, म्हणजे वेग कमी होतो.