आधी संघ, मग ग्रुप : ग्राहकांच्या गोतावळ्याची पार्श्वभूमी

ठाण्याच्या नौपाड्यात लहानाचे मोठे झालेल्या माझ्या वयाच्या अनेकांना महिन्यातला एक ठरावीक दिवस आठवत असेल. मुंबई ग्राहक पंचायतीचा, म्हणजे ग्राहकांनीच एकत्र येऊन खरेदी करायच्या संस्थेचा, माल यायचा. कुणा एका काकूंच्या हॉलमध्ये साखर, तूरडाळ, साबणाचे ढीग लागायचे आणि पंचायतीच्या गल्लीतल्या ग्राहक संघातल्या बायका आपापली यादी घेऊन पिशव्या भरायच्या. 'या वेळची डाळ शिजतच नाही हो' ही तक्रार तिथेच व्हायची, आणि 'रात्री भिजत घाल' हा तोडगाही तिथेच निघायचा. कंपनीचा माणूस आसपास नसे.

पंचायत सुरू झाली १९७५ साली. तिची आठवण काढायचं कारण असं, की 'ऑनलाइन कम्युनिटी', म्हणजे ग्राहकांचा नेटवरचा गोतावळा, हे प्रकरण आज ऐरोली-महापेच्या ऑफिसांत अमेरिकेहून आलेलं कौशल्य म्हणून शिकवलं जातं. निम्मं कौशल्य आपल्या गल्लीत आधीच होतं. फरक इतकाच, की ते संघ ग्राहकांचे होते. ब्रँडनं स्वतः गोतावळा जमवायचा, ही गोष्ट मात्र खरंच बाहेरची.

हार्ले-डेव्हिडसननं १९८३ मध्ये मोटारसायकलच्या मालकांचा क्लब काढला, तेव्हा कंपनीचे दिवस बरे नव्हते. क्लबनं ग्राहकांना एकत्र भटकायचं निमित्त दिलं. पुढे २००१ मध्ये म्यूनिझ आणि ओग्विन या दोन अभ्यासकांनी 'ब्रँड कम्युनिटी'वर शोधनिबंध लिहिला. मॅकिंटॉश संगणक, साब आणि फोर्ड ब्रॉन्को या गाड्यांच्या चाहत्यांकडे पाहून त्यांनी तीन खुणा सांगितल्या : आपण एक आहोत ही जाणीव, ठरलेल्या रीती आणि एकमेकांना मदत करण्याची बांधिलकी. काकूंच्या हॉलमध्ये या तिन्ही होत्या. ब्रँड तेवढा नव्हता.

इंटरनेटनं अंतर मिटवलं आणि तक्रारीला माइक दिला. २००५ मध्ये जेफ जार्व्हिस या अमेरिकी पत्रकारानं डेलच्या लॅपटॉपबद्दल आणि विक्रीपश्चात सेवेबद्दल जाहीरपणे लिहिलं, आणि त्याच्यासारखेच पोळलेले शेकडो जण त्याच्या मागे उभे राहिले. फेब्रुवारी २००७ मध्ये डेलनं 'आयडियास्टॉर्म' हे संकेतस्थळ उघडलं : ग्राहकांनी सूचना मांडायच्या, इतरांनी मतं द्यायची. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातलेले संगणक हवेत, अशी मागणी जोरात आली आणि त्याच वर्षी डेलनं उबुंटूवाले, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर चालणारे, संगणक विकायला काढले. ब्रिटनमधल्या गिफगॅफ या मोबाइल कंपनीनं २००९ मध्ये याच्याही पुढची पायरी गाठली. ग्राहकांच्या अडचणींना ग्राहकांनीच उत्तरं द्यायची, बदल्यात पॉइंट मिळवायचे.

ही फुकटची मेहनत कुठवर चालते, हेही एकदा कोर्टात गेलं होतं. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या चॅटरूम सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये मजुरीसाठी दावा लावला. तो २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटला. उत्साही मेंबरला 'अ‍ॅडमिन करतो' म्हणून खूश करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला. मग २००४ मध्ये ऑर्कुट, मग फेसबुक. पण ठाण्याच्या घरगुती धंद्याला खरा हात दिला व्हॉट्सअ‍ॅपनं. ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ अखेर १०२४. त्याच सुमारास आलेल्या 'कम्युनिटी'त एक सोय आहे : घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिननं बोलायचं. धंदेवाल्यांना ही सोय फार आवडते. माझ्या मते तिथे गोतावळा संपतो आणि भोंगा सुरू होतो.

मी कोपरीतल्या एका भाजणीवाल्यांच्या ग्राहकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळते. मागच्या पावसाळ्यात रात्री पावणेअकराला कळव्याच्या एका ताईंचा मेसेज आला, 'भाजणी खवट लागतेय.' सोबत पाकिटाचा फोटो. मालकांचा लगेच फोन, 'तो मेसेज उडव, ग्रुप बंद कर.' मी उडवला नाही. दहा मिनिटांत वाशीच्या एका आजींनी त्याच तारखेच्या पाकिटाच्या थालीपिठाचा फोटो टाकला. त्यांची भाजणी उत्तम होती. मग त्यांनीच विचारलं, 'बाई, पाकीट घेतलंस कुठून?' ताईंनी एका दुकानाचं नाव सांगितलं. आणखी दोघींनी तेच नाव घेतलं. तिथे पाकिटं काचेत, दुपारच्या उन्हात मांडलेली असत.

सकाळी मालकांनी दळणाची तारीख टाकली, तिन्ही पाकिटं बदलून दिली आणि त्या दुकानातला माल उचलला. दुपारी कळव्याच्या ताईंनीच विचारलं, 'उपासाची भाजणी कधी दळणार?'