कुंद्याचा रंग जळक्या साखरेचा नाही

गौरी यायच्या दोन दिवस आधी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निपाणीच्या मावशीनं एक मेसेज फॉरवर्ड केला, की कुंद्याला, म्हणजे आमच्या बेळगावच्या आटवलेल्या दुधाच्या मिठाईला, तो तपकिरी रंग यावा म्हणून साखर जाळून घालतात आणि जळकं देवाला चालत नाही, म्हणून नैवेद्याला कुंदा ठेवू नका. आता बेळगावात राहून गौरीला कुंदा नाही म्हणजे काय बोलायचं! आईनं ग्रुपवर नुसतं "हं" लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं, कारण तिचा खांदा आखडल्यापासून दोन वर्षं कढईजवळ मीच उभा असतो.

साखर लाल करून कुंद्यात ओतणारे असतात, नाही असं नाही. पण घरी दोन लिटर म्हशीचं दूध आटवून जो कुंदा होतो त्याचा रंग दुधाचाच असतो. सुकी साखर कॅरमल, म्हणजे वितळून लाल व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं आणि कढईत जोवर पाणी आहे तोवर दूध शंभराच्या थोडंसंच वर चढतं, साखर विरघळलेली असते म्हणून ते थोडंसं. मग रंग येतो कुठून?

१९१२ साली लुई कामिय मायार नावाच्या फ्रेंच माणसानं साखर आणि अमिनो आम्लं (प्रोटीन ज्यांचं बनतं ते छोटे रेणू) पाण्यात एकत्र तापवली, आणि मिश्रण तपकिरी झालं. त्याला खरं तर शरीरात प्रोटीन कसं तयार होतं ते बघायचं होतं. भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, सगळीकडे प्रामुख्याने हीच मायार अभिक्रिया.

हिच्यात सगळ्या साखरा भाग घेत नाहीत. आपली नेहमीची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी, गौरीपुढं दोघी फुगडी घालतात तशी, दोघींचेही हात एकमेकींत अडकलेले, तिसरीला धरायला हात मोकळा नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची जोडी, पण हिच्यात ग्लुकोजचा एक हात मोकळा. दुधातलं मुख्य प्रोटीन केसिन, त्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर आणि त्याचंही नायट्रोजनवालं टोक बाहेर लोंबकळतं. मोकळा हात त्या टोकाला धरतो आणि एक पाण्याचा रेणू सुटतो. मग ही जोडी आतल्या आत अणूंची फिरवाफिरव करते, तिला अ‍ॅमाडोरी पुनर्रचना म्हणतात, आणि इथपर्यंत रंग काहीच नसतो. पुढे हे रेणू तुटतात, तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात, काही उडून वास बनतात (कुंद्याचा तो खमंगपणा) आणि काहींच्या लांबलचक साखळ्या होतात, त्यांचं नाव मेलॅनॉइडिन, हाच तपकिरी रंग. डोक्यावरून गेलं असेल तर काकांचा शुगरचा रिपोर्ट आठवा, एचबीएवनसी, तीन महिन्यांची सरासरी सांगणारा. रक्तातल्या ग्लुकोजनं हिमोग्लोबिनला असंच धरलेलं असतं, अगदी अ‍ॅमाडोरीपर्यंत. कढईतला कुंदा आणि काकांचा रिपोर्ट, सुरुवात एकच!

आता यात वेळेची गंमत बघा. पहिला तासभर तुम्ही ढवळताय, घाम येतोय, आणि रंग जेमतेम बासुंदीचा. दोन लिटर म्हशीच्या दुधात पाणीच पावणेदोन किलोच्या आसपास, त्यातलं सव्वा ते दीड किलो उडवायचं, माझ्या हिशोबानं निव्वळ त्यालाच सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. पाणी भरपूर असतं तेव्हा साखर आणि प्रोटीन एकमेकांपासून लांब पोहत असतात. ते आटलं की गर्दी होते, तापमानही वर सरकतं, आणि दर दहा अंशांना ही अभिक्रिया ढोबळमानानं दुप्पट-तिप्पट वेगानं पळते, म्हणून शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत रंग अक्षरशः धावत येतो. त्यात बुडाला चिकटलेला पातळ थर, तो तर शंभराच्या बराच वर जातो (तिथं थोडी साखर कॅरमल होत असेलही, ते मान्य). आई उलथन्यानं ती खरवड काढून परत दुधात मिसळायला लावते, "खरवड की रे, बघत काय उभारलास!" ती खरवड म्हणजे रंगाचा कारखाना. पाच सेकंद हात थांबला तर मात्र तिचा कोळसा होतो, आणि तो खरंच जळका.

नैवेद्याचं असल्यामुळे चाखता येत नाही हे विसरू नका. चव बघायची नाही, बोट लावायचं नाही. मग हातात राहतो रंग, वास आणि आवाज. आधी बुडबुड, मग जाड होऊन फदफद, मग तूप सुटायला लागलं की चर्र. एवढ्यावर आमच्या घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं अचूक कुंदा उतरवलाय, थर्मामीटर न बघता.

दह्याचंही सांगतो. दूध उकळलं की दोन-तीन चमचे दही घालतात, त्यानं रवा पडतो, म्हणजे कुंदा दाणेदार होतो. केसिनचे गोळे एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात, आंबटपणा आला की ती ढकलाढकल कमी होते आणि ते गुठळ्या धरतात. मावशीच्याच घरी सणाला दूध फाटलं की सोवळं मोडलं, अपशकुन झाला म्हणून कुजबुज चालते, आणि इथं आपण देवाच्याच कामाला मुद्दाम दूध फाडतो, त्याचं कुणाला काही नाही. दुधाला सोवळं कळत नाही, आंबटपणा कळतो.

तरी मावशीला पुरावा पाहिजेच होता. म्हणून गौरी जेवायच्या दिवशी सकाळी मी शेगडीवर दोन कढया ठेवल्या. एकीत साखर आणि पाणी, उकळत ठेवलेलं, आटलं की परत पाणी घालत. दुसरीत फक्त दूध, साखरेचा कण नाही. आई म्हणाली सणाच्या दिवशी हे काय खूळ. सव्वा तासानं साखरेचं पाणी तसंच नितळ, खालचं बूड दिसत होतं, आणि बिनसाखरेचं दूध छान बदामी, काठावर तर तांबूस. दोन्हींचे फोटो ग्रुपवर टाकले. मावशीचा रिप्लाय आला, "अरे पण मेसेज डॉक्टरांनी लिहिलाय म्हणे." कुठले डॉक्टर ते तिलाही माहीत नव्हतं.

बदामी दुधात मग साखर आणि वेलदोडा घालून तोच कुंदा पुढं नेला, केळीच्या पानावर वाढून गौरीला दाखवला. दुपारी मावशी आली, दोन वेळा मागून घेतला. साखरपाण्यात लिंबू पिळून ते पोरांनी तोवर संपवलं होतं.