किरणांचा मुकुट की पानांची माळ?

'रोमन ब्राँझ नाणी' म्हणून जो ढीग समोर येतो, त्यातली बरीचशी ब्राँझची नसतातच. पहिल्या-दुसऱ्या शतकातला दुपोंडियस (एक रोमन नाणं) पितळेचा, आणि त्याच्या शेजारी ठेवला की हमखास फसवणारा 'अस' हे दुसरं नाणं तांब्याचं. दोन्हींचा व्यास साधारण २६ ते २८ मिलिमीटर, वजनातही दोन-तीन ग्रॅमचाच फरक. किंमत मात्र दुप्पट: एक दुपोंडियस म्हणजे दोन अस.

रोमच्या बाजारात कुणाचा घोटाळा होत नसावा. पिवळं काय आणि तांबूस काय, तळहातावर पडताच कळतं. पण शतकानुशतकं मातीत राहिल्यावर दोन्हींवर सारखाच हिरवट-काळा थर चढतो. मग बघायचं ते सम्राटाच्या डोक्याकडे.

केसांवर टोकदार सुळके उभे दिसले तर तो किरणांचा मुकुट, म्हणजे बहुधा दुपोंडियस. मानेवर फितीची गाठ आणि डोक्याभोवती लॉरेल या झाडाची पानं, किंवा डोकं उघडंच, तर बहुधा अस. झिजलेल्या नाण्यावर पानं पुसट होतात, सुळक्यांची खुंटं मात्र पुष्कळदा उरतात.

लॉरेल विजयाचं. किरण सूर्यदेव सोलचे. त्यांचा प्रवास मला फार विलक्षण वाटतो. सम्राट टायबेरियसने आपल्या आधीच्या दिवंगत सम्राट ऑगस्टसच्या नावाने अस पाडले, त्यांवर ऑगस्टसच्या डोक्यावर किरण आहेत आणि भोवती 'दिवुस ऑगुस्तुस पातेर' (देव झालेला पिता ऑगस्टस) ही अक्षरं. तिथे किरणांचा अर्थ एकच: हा आता देव झाला. म्हणून किरण दिसले की दुपोंडियस, हा नियम या नाण्याला लावू नका. सम्राट नीरोच्या काळात, इ.स. ६४च्या सुमारास, तेच किरण जिवंत सम्राटाच्या डोक्यावर दुपोंडियसवर आले आणि पुढे ती किमतीचीच खूण होऊन बसली. इ.स. २१५मध्ये सम्राट काराकालाने नवं चांदीचं नाणं काढलं, त्यावरही किरण आहेत. ते दोन देनारियसच्या (रोमच्या नेहमीच्या चांदीच्या नाण्याच्या) मोलाचं होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

सम्राज्ञींच्या नाण्यांवर ही सोय नाही. सम्राज्ञी फाउस्तिनाच्या डोक्यावर किरण नसतात, म्हणून तिचा दुपोंडियस आणि अस चेहऱ्यावरून वेगळे काढता येत नाहीत. तिथे धातूच बघावा लागतो. कडेला किंवा गालाच्या उंचवट्यावर थर आपोआप झिजला असेल, तर भिंगाखाली पिवळी किंवा तांबडी झाक सापडते. ती शोधायला थर खरवडू मात्र नका. एकदा गेलेला तो थर पुन्हा येत नाही.