फिशफाइंडरच्या पडद्यावर नक्की काय दिसतं?

फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचा मासा आणि तळ दाखवणारं मशीन, बसवून दिलं की आठवडाभरात हमखास फोन येतो: "पडद्यावर मासा होता, जाळं टाकलं, हाताला काही लागलं नाही." मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं. चूक पडदा वाचण्यात असते, म्हणून हे पत्रक.

बोटीच्या तळाला लावलेला डबा म्हणजे ट्रान्सड्युसर. तो खाली आवाजाचा ठोका सोडतो, तो पिंग, आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त. २० वाव (सुमारे ३६ मीटर) पाण्यात तळाला आपटून वर यायला त्याला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. या वेळेवरून मशीन खोली काढतं.

प्रत्येक पिंगची एक उभी रेघ पडद्याच्या उजव्या कडेला उमटते आणि जुन्या रेघा डावीकडे सरकतात. म्हणजे 'आत्ता' फक्त उजवी कड. बाकी सगळं मागे पडलेलं पाणी. सहा नॉटने चालला असाल, तर अर्ध्या मिनिटापूर्वी दिसलेली जागा ९० मीटर मागे गेली. जाळं तिथे टाकायचं होतं!

मासा कमानीसारखा का दिसतो? आवाजाचा झोत खाली पसरत जातो. मासा त्याच्या कडेला असताना लांब असतो, मधोमध आला की जवळ, पुन्हा लांब. बोट आणि मासा दोन्ही एका जागी असतील तर नुसती आडवी रेघ येते. आवाजाची वारंवारता २०० किलोहर्ट्झ ठेवली की झोत अरुंद आणि चित्र बारीक. ५० ला झोत रुंद, खोल पाण्यात उपयोगी.

प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. घोळ माशाची जी पिशवी व्यापारी चढ्या भावाने घेतात, तीच. मुशीला (शार्कला) ती नसते, म्हणून मोठी मुशीसुद्धा फिकी दिसते. रंग पाहून वजन ठरवू नका.

गेन म्हणजे मशीनचा कान किती तीक्ष्ण ठेवायचा ते. फार वाढवला तर पडदाभर ठिपके, फार कमी केला तर मासाही गायब. तळाची रेघ जाड आणि तिच्याखाली दुप्पट खोलीवर दुसरी रेघ दिसली, तर तळ बहुधा कठीण आहे. जाळं जपा.

बोट रंगवताना ट्रान्सड्युसरवर तांब्याचा रंग लावू नका. त्यावर शिंपलं चढली असतील तर मऊ लाकडाने काढा, पात्याने नको.