मेंदूच्या ट्यूमरवर विषाणू-उपचार

मेंदूतल्या कॅन्सरच्या गाठीत मुद्दाम दुबळा केलेला जिवंत व्हायरस सोडायचा, तो गाठीच्या पेशींमध्ये शिरून वाढणार आणि त्या फोडणार, शेजारच्या चांगल्या पेशींत मात्र त्याला वाढताच येणार नाही, अशी ही उपचारपद्धत. डॉक्टर हिला ऑन्कोलिटिक व्हायरस थेरपी म्हणतात. सगळ्यात जास्त खटपट चाललीये ती ग्लायोब्लास्टोमासाठी, म्हणजे मोठ्या माणसांत मेंदूतच सुरू होणारा सगळ्यात कॉमन आणि चिवट कॅन्सर. ऑपरेशन, मग रेडिएशन (पेशंट लोक ज्याला 'लाईट घेणं' म्हणतात) आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, हा क्रम २००५ पासून ठरलेला आहे, आणि ज्या अभ्यासावरून तो ठरला त्यात हे सगळं करूनसुद्धा निम्मेच पेशंट १४.६ महिन्यांच्या पुढे गेले. गाठीच्या पेशी चांगल्या मेंदूत दूरवर घुसलेल्या असतात, सर्जन किती कापणार, आणि रक्तातून दिलेली बरीचशी औषधं मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीशीच अडतात.

जिवंत व्हायरस म्हटलं की पोटात गोळा येतो, साहजिक आहे. पण पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर जाऊन करंगळीच्या नखावर मार्करची खूण घेऊन आलेल्या प्रत्येक पोराच्या तोंडात दुबळा केलेला जिवंत पोलिओ व्हायरसच गेलेला असतो. परळच्या हाफकिन या लसीच्या संस्थेचं नाव मुंबईत त्या थेंबांशी जोडलेलं आहे, आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटल तिथून चालत काही मिनिटांवर. लस आणि कॅन्सर, दोन्ही एकाच गल्लीबोळातले विषय आहेत आपल्याकडे.

आता दुबळं करायचं म्हणजे नक्की काय करायचं, कारण सगळी करामत तिथेच आहे. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला जे पाण्याचे फोड येतात ना, तो हर्पिस व्हायरस घ्या. तो साध्या पेशीत शिरला की पेशीला कळतं आणि ती प्रोटीन बनवायचं कामच बंद करते, म्हणजे कारखानाच बंद, चोराला माल मिळत नाही. हर्पिसकडे हा बंद कारखाना परत चालू करायचा एक जीन असतो, तोच शास्त्रज्ञांनी काढून टाकला. मग चांगल्या पेशीत तो अडकून पडतो, पण कॅन्सरच्या पेशींची ही धोक्याची घंटाच बऱ्याचदा बिघडलेली असते, म्हणून तिथे तो आरामात वाढतो. दुसरा जीन डीएनएचा कच्चा माल तयार करणारा, तो बंद पाडला की ज्या पेशी सतत विभागतात आणि स्वतःच तो माल बनवतात तिथेच व्हायरस जगतो, न विभागणाऱ्या मज्जापेशींत नाही. टोकियो विद्यापीठाच्या तोमोकी तोदो यांच्या जी४७डेल्टा या व्हायरसमध्ये तिसराही जीन काढलाय, ज्याच्या जोरावर हर्पिस आपल्या प्रतिकारशक्तीपासून लपतो. तो गेला की लागण झालेली पेशी उघडी पडते. शिवाय काही गडबड झालीच तर हर्पिसवर असायक्लोविर हे नेहमीचं औषध हाताशी असतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

या वाटेची सुरुवात १९९१ ची, रॉबर्ट मार्टुझा आणि सहकाऱ्यांनी जीन बदललेला हर्पिस उंदरांमधल्या मेंदूच्या गाठींवर वापरून दाखवला. पोलिओची गोष्ट अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाची. तिथल्या माथियास ग्रोमायर यांनी सेबिन लसीतलाच, म्हणजे त्या थेंबांतलाच पोलिओ घेतला आणि पेशीला 'माझं प्रोटीन बनव' असं सांगणारा त्याचा तुकडा काढून तिथे सर्दीच्या व्हायरसचा तुकडा बसवला, त्यामुळे मज्जापेशींत त्याचं काही चालत नाही. हा व्हायरस द्यायची रीतही बघण्यासारखी आहे, कवटीला छोटंसं भोक पाडून बारीक नळी थेट गाठीत आणि मग साडेसहा तास थेंब थेंब पंपाने सोडायचं, आणि एवढ्या वेळात आत जातं ते जेमतेम तीन मिलीच्या आसपास, चहाच्या चमच्याएवढंसुद्धा नाही. २०१८ मध्ये ६१ पेशंटचे निकाल आले. गाठ परत आलेले पेशंट होते सगळे, त्यातले २१ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते आणि तीन वर्षांनीही २१ टक्केच, म्हणजे जे तगले ते तगून राहिले. तुलनेला घेतलेल्या जुन्या पेशंटांमध्ये तीन वर्षांना ४ टक्के होते. पण ही समोरासमोर चिठ्ठी टाकून केलेली तुलना नव्हती, हे विसरून चालणार नाही.

जपानने जून २०२१ मध्ये जी४७डेल्टाला अटी घालून, मुदतीची मंजुरी दिली, ब्रेन ट्यूमरसाठी मंजूर झालेला जगातला हा पहिला व्हायरस. त्यामागच्या अभ्यासात पेशंट फक्त १९, एक वर्षाला ८४.२ टक्के जिवंत. लहान मुलांच्या ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) डीआयपीजी या भयंकर गाठीवर स्पेनमध्ये अडेनोव्हायरस १२ पेशंटना दिला, त्यात निम्मे १७.८ महिन्यांच्या पुढे गेले. आणि फसलेलंही सांगायलाच हवं, टोका ५११ नावाचा व्हायरस ४०३ पेशंटच्या मोठ्या ट्रायलमध्ये नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. छोट्या अभ्यासातला आनंद मोठ्या ट्रायलमध्ये टिकतोच असं नाही.

घरच्यांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणजे सूज. व्हायरस काही पेशी फोडतो खरा, पण असं मानलं जातं की मोठं काम नंतर होतं, फुटलेल्या पेशींचे तुकडे बघून शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि गाठीवर तुटून पडते. मग सूज येते, आणि कवटी काही फुगत नाही, त्यामुळे डोकं दुखतं, फिट येते, हात लुळा पडल्यासारखा होतो, आणि एमआरआयमध्ये गाठ मोठी झालेली दिसते. ती खरंच वाढलीये की लढाईची सूज आहे हे त्या फिल्मवरून लगेच सांगता येत नाही. सूज उतरवायला स्टेरॉइड द्यावं तर तेच प्रतिकारशक्ती दाबतं. ड्यूकच्या ट्रायलमध्ये सूज उतरवायला बेव्हॅसिझुमॅब हे दुसरं औषध कमी डोसमध्ये वापरलं.

भारतात मेंदूच्या ट्यूमरसाठी असा कुठलाही व्हायरस मंजूर नाही, त्यामुळे परळला रांगेत हातात फाइल धरून उभ्या असलेल्या माणसाला 'पोलिओच्या थेंबांनी कॅन्सर बरा होतो' असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड कुणी पाठवला तर त्याला हे नीट समजावून सांगा, थेंब वेगळे आणि हा बदललेला व्हायरस वेगळा, थेंब पिऊन गाठीला काही होत नाही. कुणी इथेच व्हायरस-उपचार देतो म्हणून पैसे मागत असेल तर आधी ती ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का ते बघावं, तिथे कुणालाही शोधता येतं, आणि नोंदणी क्रमांक घेऊन आपल्या ऑन्कोलॉजिस्टलाच विचारावं.