भोरड्यांचा नकाशा काढायचा कसा?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या शेतकऱ्याला भोरडी ओळखायला पक्ष्यांचं पुस्तक लागत नाही. ज्वारी दाण्यावर आली की दौंड, इंदापूर, बारामतीच्या शिवारांत तिचे थवे उतरतात. मग गोफणी बाहेर निघतात, पत्र्याचे डबे वाजू लागतात, पाखरं राखायला घरातली पोरंसोरंही रानात जातात. त्याच्या लेखी हा पक्षी उदंड झालाय. आयूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, कुठल्या प्रजातीला किती धोका आहे ते सांगणारी लाल यादीही जरा सौम्य भाषेत तेच म्हणते. तिथे भोरडी 'किमान चिंता' या गटात आहे. शेतकरी आणि आयूसीएन यांचं एकमत होण्याचे प्रसंग विरळाच. तरीही ही नोंद मला पुरेशी वाटत नाही. भोरडी ज्या तऱ्हेने जगते, ती तऱ्हाच गणतीत आणि नकाशात नीट बसत नाही.

भोरडीला गुलाबी मैना किंवा पळसमैना असंही म्हणतात. साळुंकीएवढा पक्षी. अंग गुलाबी, डोकं, गळा, पंख आणि शेपूट चकचकीत काळी, डोक्यावर मागे पडणारी शेंडी. हिवाळ्यात हा गुलाबी रंग मळकट दिसतो, कारण नव्या पिसांची टोकं मातकट असतात. महिने सरतात तशी ती टोकं झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो. म्हणून मार्चमधल्या भोरड्या नोव्हेंबरमधल्यांपेक्षा देखण्या. गाणाऱ्या पक्ष्यांत तिची गणना होते ती कंठाच्या रचनेमुळे. प्रत्यक्षातलं गाणं म्हणजे नुसती किरकिर आणि कलकलाट. पन्नासेक भोरड्या एका पिंपळावर जमल्या तर खाली उभ्या माणसांना बोलणं मुश्कील होतं.

पुण्यात हिवाळ्यात येणारे बरेचसे छोटे पक्षी हिमालयातून किंवा त्यापलीकडच्या सैबेरियातून, ढोबळमानाने उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात. भोरडीचा मार्ग आडवा आहे. तिची विणीची भूमी रुमानिया, बल्गेरिया, युक्रेनपासून तुर्कस्तान, कॉकेशस, इराण, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान ओलांडून थेट चीनच्या शिनजियांगपर्यंत पसरलेली आहे. या एवढ्या पट्ट्यातल्या भोरड्या हिवाळ्यासाठी मुख्यतः भारतीय उपखंडात येतात. म्हणजे काळ्या समुद्राकाठची भोरडी आफ्रिका जवळ असूनही तिकडे न वळता पूर्वेकडे, आपल्याकडे उडत येते. भारताच्या वायव्य भागात पहिले थवे जुलैअखेर-ऑगस्टमध्येच दिसू लागतात आणि शेवटचे एप्रिल-मेमध्ये जातात. वर्षातला निम्म्याहून बराच जास्त काळ जो पक्षी आपल्याकडे काढतो, त्याला पाहुणा म्हणताना जरा विचारच करावा.

उरलेल्या थोड्याशा काळात तिकडे काय चालतं, त्यावर सगळं अवलंबून आहे. भोरडी पिल्लांना वाढवते ती टोळांवर आणि नाकतोड्यांवर. मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत मे-जूनमध्ये टोळांची पैदास होते, तेव्हाच तिची वीण. दगडांच्या राशी, कड्यांच्या भेगा, पडक्या भिंती, खाणी अशा ठिकाणी हजारोंची वसाहत एकाच वेळी बसते. अंडी साधारण दोन आठवडे उबवायची, पिल्लं तीन-साडेतीन आठवडे घरट्यात, की पसारा आवरून सगळी वसाहत मोकळी. पुढच्या वर्षी तिथेच परत येतील याची हमी नाही. धनगरांचा वाडा चारा पाहून हलतो, तशी भोरडीची वसाहत टोळ पाहून हलते.

कधी कधी हे हलणं फार लांबवर जातं. १८७५ मध्ये इटलीत, वेरोनाजवळच्या विलाफ्रांका इथल्या किल्ल्यात हजारो भोरड्यांनी अचानक घरटी केली. नेहमीच्या मुलखापासून हे ठिकाण बरंच पश्चिमेला. अलीकडे २०१८ आणि २०२० च्या उन्हाळ्यातही त्या पश्चिम युरोपात अशाच मोठ्या संख्येने पोचल्या आणि तिथले पक्षीनिरीक्षक धावपळीत पडले.

आता याचा नकाशा काढायचा कसा? पक्ष्यांच्या पुस्तकात हा सगळा पट्टा एकाच रंगाने भरलेला असतो. कुठल्याही एका वर्षी त्या रंगातला थोडाच भाग वापरात असतो, आणि नेमका कोणता ते टोळ ठरवतात. नकाशा बघून वाटतं की एवढं मोठं क्षेत्र आहे, कुठे बिघडलं तर उरलेलं आहेच. पण एखाद्या वर्षी सगळ्याच बाजूंनी टोळ कमी पडले, तर त्या रंगाच्या आकाराला काही अर्थ उरत नाही.

लाल यादीचे निकष आकड्यांचे आहेत. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटली तर प्रजाती 'असुरक्षित' ठरू शकते. प्रजननक्षम पक्षी १०,००० च्या आत आले आणि घट चालूच असली तरी तेच. वावराचं क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटरच्या आत आलं आणि त्याचे तुकडे पडून ते घटतही चाललं, तर तेव्हाही तेच. भोरडी यातल्या कशाच्याही जवळपास नाही. म्हणून 'किमान चिंता' ही नोंद चूक नाही. प्रश्न इतकाच की हे आकडे हलू लागले तर आपल्याला वेळेत कळेल का.

पिवळ्या छातीच्या भारीटाच्या बाबतीत कळायला उशीर झाला. फिनलंडपासून जपानपर्यंत वीण करणारा हा छोटा गाणारा पक्षी २००४ पर्यंत 'किमान चिंता' गटातच होता आणि २०१७ मध्ये तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. मुख्य कारण म्हणजे स्थलांतराच्या वाटेवर, विशेषतः चीनमध्ये, खाण्यासाठी जाळी लावून झालेली पकड. हा पक्षीही थव्याने राहणारा, शेतांत उतरणारा. थवा मोठा असतो तोवर एका जाळ्यात हजारो सापडतात आणि तरीही आकाश भरलेलंच दिसतं. भोरडीची अशी पकड होत नाही, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण दिसणाऱ्या थव्यावरून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, एवढं त्यातून घ्यावं.

भोरडीचा धोका वेगळा, तो गवताळ मैदानाशी बांधलेला. १९५४ पासून सोव्हिएत सरकारने कझाकस्तानातली सुमारे अडीच कोटी हेक्टर माळरानं गव्हासाठी नांगरली. १९९१ नंतर सोव्हिएत व्यवस्था कोसळली, त्यातली बरीच शेतं पडीक झाली, तण माजलं आणि टोळांना रान मोकळं मिळालं. शतक संपता संपता तिथे मोठी टोळधाड आली आणि तिच्यावर लाखो हेक्टरांत फवारणी झाली. भोरडीच्या बाजूने पाहिलं तर पडीक रान म्हणजे मेजवानी, आणि फवारणी म्हणजे दुहेरी मार: ऐन विणीत अन्न जातं आणि उरलेले टोळ विषारी होतात.

शिनजियांगमध्ये याचा उलटा विचार झालाय. तिथल्या गवताळ भागांत भोरड्यांनी टोळ खावेत म्हणून मुद्दाम दगडांच्या राशी रचतात, विटांची घरटी बांधून देतात. २०१८ मध्ये तर रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या दगडांतच भोरड्यांनी वसाहत केली, तेव्हा पिल्लं उडेपर्यंत ते काम थांबवलं गेलं. इंदापूरच्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल. त्याचं हसणंही खरं आहे, कारण तिकडे पीक वाचवणारा पक्षी इकडे पीक खातो. त्यात २०२० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात, अमरावती-नागपूरकडे, वाळवंटी टोळांचे थवे आले, तेव्हा भोरड्या केव्हाच निघून गेलेल्या होत्या. वेळ साधणं याला म्हणतात!

पुण्याच्या बाजूलाही चित्र बदलतंय. शहरात आणि टेकड्यांवर भोरडी वड, पिंपळ, उंबराची फळं खाते. जानेवारीनंतर काटेसावर, पांगारा आणि पळस फुलले की त्यांचा मध पिते, तेव्हा तिचं कपाळ परागकणांनी माखतं आणि झाडांचं परागीभवन होतं. पूर्वेकडे मात्र रब्बी ज्वारीचं क्षेत्र गेली काही दशकं घटत आलंय. तिची जागा उसाने आणि मक्याने घेतली. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असायची, थवा वाटला जायचा. आता उसाच्या मधोमध एखाद्याने मालदांडी ज्वारीचं रान ठेवलं तर सगळी भोरडी त्याच्यावरच उतरते. कुणी म्हणेल भोरड्या वाढल्या. वाढल्याही असतील. पण पक्षी तितकेच राहून ज्वारी कमी झाली, तरी त्या शेतकऱ्याला दिसणार तेच.

मग मोजायचं कसं? देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल ९४२ प्रजातींचा आढावा घेतो, आणि तो सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. काम मोठं आहे यात शंका नाही. मात्र अशा आढाव्यात मुख्यतः पाहिलं जातं ते शंभर याद्यांपैकी कितींत हा पक्षी दिसला ते. यादीत भोरड्या २० असोत वा २०,०००, खूण एकच. एकटा-दुकटा वावरणाऱ्या पक्ष्याला ही पद्धत ठीक लागू पडते. थव्याने राहणारा पक्षी निम्मा झाला, तरी थवे लहान होऊन याद्यांत दिसत राहतो.

विणीच्या दोन-तीन महिन्यांत तिकडे काय घडलं याचा एक माग मात्र आपल्याकडे दरवर्षी उडत येतो. त्या वर्षीची पिल्लं अगदी वेगळी दिसतात: अंग मातकट तपकिरी, चोच पिवळसर, शेंडी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थव्यात त्यांचं प्रमाण किती, यावरून वीण कशी झाली याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. हिवाळा सरकतो तशी त्यांची पिसं बदलतात आणि ओळखणं अवघड होतं. त्यामुळे पाषाण, भिगवण किंवा सासवडकडे थवा दिसला तर नुसतं 'भोरडी, ५००' असं न लिहिता, तारेवर बसलेल्या पहिल्या शंभरांत पिल्लं किती आणि मोठी किती हे वेगळं टिपावं, शक्य तर फोटोवरून. पिल्लं आणि मोठे पक्षी एकाच वेळी पोचत नाहीत, म्हणून एकाच दिवसाच्या मोजणीवर विसंबू नये. ऑक्टोबर संपेपर्यंत आठवड्यातून एकदा त्याच जागी मोजलेलं बरं.