भडोचचा गोल्डन ब्रिज: नर्मदेवर टिकलेला पूल
मुंबईहून बडोद्याकडे जाताना अंकलेश्वर सुटलं की गाडी नर्मदेवर येते आणि शेजारी एक लांबलचक लोखंडी पूल दिसू लागतो. हाच भडोचचा गोल्डन ब्रिज. तो १६ मे १८८१ रोजी सुरू झाला आणि त्याची लांबी १,४१२ मीटर आहे. सांगाड्यात सोनं नाही, मात्र त्या काळी त्यावर ४५ लाख ६५ हजार रुपये खर्च झाले. एवढ्या पैशात सोन्याचाच पूल झाला असता, असं लोक म्हणू लागले आणि तेच नाव रूढ झालं. खर्च एवढा का वाढला, हे समजायला मात्र या पुलाच्या आधीच्या पुलापासून सुरुवात करावी लागते.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बीबीसीआय रेल्वेचं काम मुंबईतून नव्हे, गुजरातेतून सुरू झालं. अंकलेश्वर ते उत्राण हा पहिला टप्पा १८६० मध्ये खुला झाला आणि रूळ ग्रँट रोडला पोचायला १८६४ उजाडलं. या किनारपट्टीवर तापी, नर्मदा आणि वसईची खाडी अशी पाणी ओलांडायची ठिकाणं एकामागून एक येतात. कंपनीचे सल्लागार अभियंते कर्नल जॉन पिट केनेडी यांनी त्या सगळ्यांसाठी एकच साचा ठरवला. वर त्रिकोणांच्या रांगेचा वॉरन गर्डर आणि खाली बिडाचे स्क्रू पाईल, म्हणजे टोकाला मळसूत्री पातं असलेले खांब, जे फिरवत फिरवत तळात रुतवायचे. स्क्रू पाईलची कल्पना अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याची होती. तो अंध होता आणि १८३३ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं होतं. मऊ चिखलात दीपगृह उभं करायला ही युक्ती उत्तम होती. सुटे भाग विलायतेहून जहाजाने आणायचे आणि इथे जोडायचे, त्यामुळे काम झपाट्याने होई. केनेडींचा हिशेब चुकीचा नव्हता. खाडीच्या शांत चिखलात तो बरोबरच होता.

पण नर्मदा म्हणजे खाडी नव्हे. भडोचपाशी समुद्राची भरती आत येते आणि पावसाळ्यात वरून सातपुडा-विंध्याचं पाणी उन्मळलेली झाडं घेऊन कोसळतं. जवळजवळ रोवलेल्या बारीक खांबांत ओंडके अडकतात, पाण्याला वाट उरत नाही आणि मग ते खांबांच्या बुडाशी वाळू उकरू लागतं. गर्डर कितीही मजबूत असला तरी पायाखालची वाळू गेली की त्याचा काही इलाज चालत नाही. केनेडींच्या साच्याच्या जुन्या पुलाने वारंवार मार खाल्ला आणि १८७६ च्या पुराने त्याचा मोठा भाग मोडून नेला. लोखंडी पुलांबद्दल बोलताना आपण नजरेत भरणाऱ्या कैच्या आणि रिव्हेट यांचंच कौतुक करतो. माझ्या मते पुलाचं आयुष्य पाण्याखालीच ठरतं, आणि भडोचची सगळी कथा त्याचाच पुरावा आहे.

नवा पूल, म्हणजे आजचा गोल्डन ब्रिज, इंग्रज अभियंते सर जॉन हॉकशॉ यांच्या आराखड्यावर ७ डिसेंबर १८७७ पासून बांधायला घेतला. आता लोखंडी नळकांडी खांबांच्या जाड जोड्या घेतल्या आणि गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, लांब ठेवले, म्हणजे पाण्यात अडथळा कमी. सगळा पैसा इथे गेला, आणि वाया गेला नाही. १९३५ मध्ये रेल्वेसाठी शेजारी सिल्व्हर ज्युबिली पूल झाला आणि गोल्डन ब्रिज रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला. रेल्वेच्या मापाच्या त्या अरुंद पुलावर भडोच-अंकलेश्वरच्या कामगारांनी, व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ये-जा केली. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की खोळंबा ठरलेला.

मराठी माणसाला हे गाव परकं नाही. सालबाईच्या तहानंतर भडोच महादजी शिंद्यांकडे आलं आणि १८०३ पर्यंत शिंद्यांकडेच होतं. आज आपल्यातले पुष्कळजण नर्मदा परिक्रमेत, म्हणजे नदीच्या प्रदक्षिणेत, अंकलेश्वरवरून जातात. पण परिक्रमावासी या पुलावर पाऊल ठेवत नाहीत, कारण नर्मदा ओलांडायची नसते. ते दक्षिण तीरानेच विमलेश्वरपर्यंत चालतात, तिथून नावेने समुद्रमुखाला वळसा घालून मिठी तलाईला उतरतात आणि मग उत्तर तीराने भडोचला येतात. पूल समोर दिसत असताना चार दिवसांची वाट धरायची, यातली श्रद्धा मला फार मोठी वाटते.

१२ जुलै २०२१ रोजी शेजारच्या चौपदरी नर्मदा मैया पुलाचं लोकार्पण झालं आणि गोल्डन ब्रिजवरची वाहनं थांबली. त्याचं एक काम मात्र सुटलेलं नाही. भडोचमध्ये पुराची पातळी आजही याच पुलापाशी मोजली जाते, आणि २४ फूट ही धोक्याची खूण. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवरातून पाणी सोडल्यावर पातळी ४० फुटांपलीकडे गेली आणि शेजारच्या रेल्वेपुलावरच्या गाड्या थांबवाव्या लागल्या. एवढ्या पाण्यातही १८८१ चा सांगाडा उभाच राहिला. गाड्यांचा भार आता उतरला आहे, पण गंज उतरत नाही. भरतीची खारी हवा तिथे बारा महिने असते. त्यामुळे रंगरंगोटीच्या आधी पाण्याखालच्या खांबांची नियमित तपासणी व्हावी, आणि पूल पायी चालणाऱ्यांसाठी कायम उघडा राहावा.